‘शाखा प्रशाखा’ की ‘आगंतुक’? घरच्यांबरोबर एकच पाहायचा असेल तर

सत्यजित राय यांचे हे शेवटचे दोन चित्रपट, १९९० आणि १९९१ चे. आम्ही दोन्ही घरीच पाहिले, आठवड्याच्या अंतराने, आई-बाबांना सोबत घेऊन. दोन्हींचा बराचसा भाग घराच्या चार भिंतींत घडतो, आणि दीपांकर दे व ममता शंकर दोन्हीकडे नवरा-बायकोच आहेत. विषयही एकच, फक्त उलटा धरलेला. ‘शाखा प्रशाखा’त सत्तरीचा बाप मुलांच्या सचोटीवर डोळे झाकून विसंबून आहे, आणि तिथे शंका घ्यायला जागा आहे. ‘आगंतुक’मध्ये ३५ वर्षांनी एक मामा दारात उभा राहतो. ज्या भाचीकडे तो येतो, तिला त्याचा चेहराही आठवत नाही. हा खरंच मामा की कोणी भामटा?

‘शाखा प्रशाखा’बद्दल मला मनापासून आदर आहे. सौमित्र चॅटर्जींचा प्रशांत विसरता येत नाही. डोक्यावर परिणाम झालेला हा मुलगा बाख या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकत बसतो. जेवणाच्या टेबलावर भावांची पैशावरून जुंपते तेव्हा तो नुसता टेबलावर हात आपटत राहतो. आमच्या खोलीत तेव्हा कोणी हललं नाही.

पण त्याच चित्रपटात मला एक गोष्ट सतत खुपत राहिली. माणसं आपापलं मन फार स्वच्छ उलगडून सांगतात. कोणता मुलगा कसा आहे हे आपल्याला लवकर कळतं, आणि ते ठाऊक नसतं फक्त अंथरुणावर पडलेल्या बापाला. मग आपण न्यायाधीशासारखे वर बसून राहतो. मध्यावर आई म्हणाली, “हे कळलं रे, पुढे काय?” तिचा प्रश्न मला रास्त वाटला. संशयावरचा चित्रपट पाहताना माझ्या मनात संशय शिरलाच नाही. कदाचित रायना तो शिरू द्यायचाच नसेल, बापाचं दुःखच दाखवायचं असेल. तरी मला ती उणीव वाटली.

‘आगंतुक’ आपल्याला त्या खुर्चीत बसू देत नाही. उत्पल दत्त आपल्याला ‘गोलमाल’च्या भवानीशंकरमुळे घरचे. इथे तेच मनमोहन मित्र होऊन येतात, शांत, थोडे मिश्कील, आणि त्यांच्या डोळ्यांवरून काही म्हणता काही कळत नाही. पासपोर्टचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, “खोटा पासपोर्ट करायला काय लागतं?” आणि थोड्याच वेळात पडद्यावरचा पाहुणा स्वतःच म्हणाला की यावरून काहीच सिद्ध होत नाही. बाबा एकदम गप्प झाले.

त्यानंतर आईने एक जुनी गोष्ट काढली. माझ्या लहानपणी, आजोबा गेल्यानंतर, त्यांचे मावसभाऊ म्हणून एक गृहस्थ आमच्याकडे दोन दिवस राहिले होते. आईने गुपचूप कपाटाची किल्ली काढून कमरेला खोचली होती, आणि त्यांनी ते पाहिलं होतं. ते खरेच मावसभाऊ होते. पुन्हा कधी आले नाहीत. इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच बोलली, त्यामुळे माझं पारडं कुठे झुकलं हे वेगळं सांगायला नको. मराठीत ‘आगंतुक’ म्हटलं की न बोलावता आलेला, जरा नकोसाच. चित्रपट संपल्यावर मला तो शब्द पूर्वीसारखा सहज वापरता आलेला नाही.

‘आगंतुक’मध्येही लांबण आहे, हे मान्य. वकील मित्र पाहुण्याची उलटतपासणी घेतो तो प्रसंग बराच चालतो, आणि संस्कृती म्हणजे काय, रानटी कोणाला म्हणायचं यावर पाहुणा जे बोलतो ते काहींना भाषण वाटेल. बाबांना थोडं वाटलंच. मला मात्र तिथल्या प्रत्येक उत्तराबरोबर आपलं मत बदलताना जाणवलं. हे टेबलावरच्या भांडणात झालं नव्हतं.

घरात लहान मूल असेल तर ‘आगंतुक’च लावा. ग्रहणातला सूर्य-चंद्राचा मेळ हा पाहुणा मुलांना ज्या पद्धतीने सांगतो, ते पाहून माझी पुतणी दुसऱ्या दिवशी गच्चीत नाणं डोळ्यासमोर धरून उभी होती. ‘कूपमंडूक’ हा शब्दही तिने तिथेच उचलला. आपल्याकडेही तो तसाच आहे, त्यामुळे समजवावा लागला नाही.

घरात वडिलांचं आजारपण किंवा भावाभावांत पैशाची अढी असेल, तर ‘शाखा प्रशाखा’ कदाचित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त भिडेल. तो पाहूच नका असं मी म्हणणार नाही, फक्त दुसऱ्या रविवारी पाहा. पहिल्या रविवारी मामांना घरात घ्या, आणि वकील येण्याआधी चहा उरकून ठेवा. त्यानंतर शेवटापर्यंत कोणाला उठावंसं वाटणार नाही.