विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, पॉवर अ‍ॅप्स की अ‍ॅपशीट: डेटा बाइंडिंग बघून ठरवायचं असेल तर

पिंपळगाव-ओझर-दिंडोरी पट्ट्यातली द्राक्षाची पॅकहाऊस म्हणा किंवा लासलगावचे कांदा व्यापारी म्हणा, आता बरेच जण स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर बनवून घेतात आणि ते बनवणारा बहुतेक वेळा नाशिकमध्येच एकटा काम करणारा कुणीतरी असतो. मग प्रश्न येतोच, की स्क्रीन कशात डिझाइन करू? लोक टूलमधला डिझाइनर (स्क्रीन मांडायची खिडकी) किती छान दिसतो, बटणं किती गोल होतात हे बघून ठरवतात आणि मला ते अजिबात पटत नाही. आधी हे बघा की ऑपरेटरने टाइप केलेला आकडा नेमका कधी डेटात जातो, आणि नाही गेला तर ते कुणाला कळतं का. स्क्रीनवरचा खाना आणि मागचा डेटा यांच्या या जोडणीलाच डेटा बाइंडिंग म्हणतात. स्क्रीनवर एक वजन आणि पावतीवर दुसरं असं झालं की शेतकरी तिथेच उभा असतो, त्याला काय सांगणार.

उदाहरण एकच धरू म्हणजे बोलायला सोपं जाईल. वजनाचा स्क्रीन आहे, शेतकऱ्याचं नाव, क्रेट किती, भरलेलं वजन, रिकाम्या क्रेटचं वजन, आणि निव्वळ वजन आपोआप यायला हवं. खाली दिवसभराच्या नोंदींची ग्रिड, म्हणजे तक्ता, आणि एकूण बेरीज.

विनफॉर्म्स, म्हणजे विंडोजवरचे डेस्कटॉप स्क्रीन बनवायचं मायक्रोसॉफ्टचं टूल, जुनं आहे, २००२ पासूनचं, आणि २००५ मध्ये डॉटनेट २.० (ज्यावर ते चालतं तो मायक्रोसॉफ्टचा पाया) सोबत बाइंडिंगसोर्स (डेटा आणि स्क्रीनमधला दुवा) आणि डेटाग्रिडव्ह्यू (नोंदींची ग्रिड) आले तेव्हापासून त्यातलं बाइंडिंग खरंच कामाचं झालं. डेटा सोर्स विंडोमधून टेबल ओढून फॉर्मवर टाकलं की लेबलं, टेक्स्टबॉक्स, ग्रिड सगळं जोडून मिळतं, एवढं पटकन डेस्कटॉपवर दुसरं काही होत नाही. किंमत (म्हणजे खान्यात टाइप केलेला आकडा) डेटात जाते ती डिफॉल्टने व्हॅलिडेशनच्या वेळी, म्हणजे त्या खान्यातून बाहेर पडल्यावर. आता टूलबारवरचं सेव्ह बटण दाबलं तर फोकस खान्यातच राहतो, म्हणून विनफॉर्म्सचा डिझाइनर सेव्हसाठी जो कोड बनवून देतो त्यात आधी व्हॅलिडेट आणि एंडएडिट असतं, म्हणजे आकडा तपासून डेटात ढकलणं. त्या दोन ओळी उगाच वाटून काढू नका, त्या काढल्या की शेवटच्या खान्यातलं वजन सेव्हच होत नाही आणि हे ऑफिसमध्ये टेस्ट करताना लक्षातही येत नाही कारण आपण टॅब दाबत जातो.

दुसरं म्हणजे आकड्याच्या खान्यात चुकून अक्षर पडलं तर ऑपरेटर त्या खान्यात अडकून बसतो, बाहेरच पडता येत नाही आणि मेसेजही काही नाही. बाइंडिंगकम्प्लीट इव्हेंटमध्ये एरर तपासून मराठीत दोन शब्द दाखवले की काम भागतं, पण ते स्वतः लिहावं लागतं. ग्रिडला साधी लिस्ट जोडली तर नवीन नोंद ग्रिडमध्ये दिसत नाही, त्यासाठी बाइंडिंगलिस्ट (बदल स्वतः कळवणारी लिस्ट) वापरायची.

डब्ल्यूपीएफ हे मायक्रोसॉफ्टचंच पुढचं डेस्कटॉप टूल २००६ मध्ये आलं आणि त्यात बाइंडिंग हाच पाया आहे, म्हणजे झॅमलमध्ये (स्क्रीन लिहायची त्याची भाषा) कुठल्याही कंट्रोलची जवळपास कुठलीही प्रॉपर्टी कशालाही जोडता येते. निव्वळ वजन ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की खाना लाल, क्रेट शून्य असतील तर सेव्ह बंद, हे सगळं जवळपास कोड न लिहिता जमतं, आणि ब्लेंडमध्ये (स्क्रीन डिझाइनचं टूल) किंवा व्हिज्युअल स्टुडिओच्या (मायक्रोसॉफ्टचं कोड लिहायचं टूल) डिझाइनरमध्ये नमुना डेटा देऊन स्क्रीन भरलेला दिसतो त्यामुळे लांबलचक मराठी नावं कुठे कापली जातात ते आधीच कळतं. मला स्वतःला हे फार आवडतं.

पण वेळ द्यावा लागतो, आणि वजनाच्या स्क्रीनवर तर त्याचा एक त्रास हमखास येतो तो नीट सांगतो. टेक्स्टबॉक्स डिफॉल्टने फोकस गेल्यावरच किंमत पाठवतो, त्यामुळे टूलबारच्या सेव्ह बटणाचा वरचाच प्रॉब्लेम इथेही आहे, आणि सेव्ह हे डिफॉल्ट बटण ठेवून एंटर मारला तरी तेच, फोकस हलत नाही. मग माणूस अपडेटसोर्सट्रिगर (किंमत कधी जावी ते ठरवणारं सेटिंग) बदलून प्रॉपर्टीचेंज्ड करतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला किंमत जाईल, निव्वळ वजनही लगेच बदलेल. छान. आता १२.५ टाइप करून बघा. १, २, आणि टिंब दाबलं की टिंब बसतच नाही, पुढे ५ दाबला की १२५ होतात! कारण "१२." ची किंमत १२ होते आणि डॉटनेट ४.५ पासून टेक्स्टबॉक्स लगेच स्वतःला त्या किमतीशी जुळवून घेतो. उपाय आहेत, बाइंडिंगला थोडा डिले द्यायचा किंवा ते जुळवणं अ‍ॅप सुरू होतानाच बंद करायचं, किंवा डिफॉल्टच ठेवून सेव्हच्या आधी किंमत हाताने ढकलायची. वजनाला मी शेवटचा उपाय घेईन, कारण डिले दिला तरी टिंबानंतर ऑपरेटर क्षणभर थांबला की तेच होणार.

बाइंडिंगचं नाव चुकलं तर डब्ल्यूपीएफ थांबत नाही, खाना रिकामा दिसतो आणि एरर आउटपुट विंडोत जातो. व्हिज्युअल स्टुडिओच्या नवीन आवृत्त्यांत बाइंडिंग फेल्युअर्सची वेगळी विंडो आहे, ती कायम उघडी ठेवा.

बेरजेच्या बाबतीत मात्र विनफॉर्म्स पुढे आहे असं मी म्हणेन. बाइंडिंगलिस्टमधल्या एखाद्या नोंदीचं वजन बदललं तर ती लिस्ट स्वतः कळवते (नोंदीचा क्लास प्रॉपर्टी बदलल्याचं सांगत असेल तर), डब्ल्यूपीएफची ऑब्झर्वेबलकलेक्शन (तिथली तशीच लिस्ट) फक्त नोंद आली-गेली एवढंच सांगते, आतलं बदललेलं ती कळवत नाही, म्हणून बेरजेसाठी प्रत्येक नोंदीवर वेगळं लक्ष ठेवायला लागतं. उलट इलेक्ट्रॉनिक काटा सिरियल पोर्टने जोडला असेल तर डब्ल्यूपीएफ बरं. काट्याचा आकडा दुसऱ्या थ्रेडवर (स्क्रीनच्या कामाशी समांतर चालणाऱ्या कामात) येतो, साध्या प्रॉपर्टीचा बदल डब्ल्यूपीएफ स्वतः स्क्रीनच्या थ्रेडवर नेतं, विनफॉर्म्समध्ये ते इन्व्होक करून आपल्यालाच करावं लागतं. कलेक्शनमध्ये तिथूनच नोंद टाकायला गेलात तर मात्र डब्ल्यूपीएफही एरर देतं.

पॉवर अ‍ॅप्सचा विचार वेगळा. मायक्रोसॉफ्टच्याच या फारसं कोडिंग न लागणाऱ्या टूलमध्ये एक्सेलसारखे फॉर्म्युले, लेबलच्या टेक्स्टमध्ये दोन खान्यांची वजाबाकी लिहिली की निव्वळ वजन तयार, आणि ज्याने आयुष्यभर एक्सेलमध्ये हिशोब ठेवलाय त्या माणसालाही हे समजतं, ही मोठी गोष्ट आहे. इथे डेटा परत आपोआप जात नाही, पॅच किंवा सबमिटफॉर्मसारखा आदेश दिला तरच जातो, आणि हिशोबाच्या कामाला हे मला जास्त सुरक्षित वाटतं कारण नोंद कधी पक्की झाली याबद्दल संशय राहत नाही.

खरा धोका वाचताना आहे. जो फॉर्म्युला डेटा सोर्सकडे सोपवता येत नाही त्यासाठी अ‍ॅप डिफॉल्टने पहिल्या ५०० ओळीच घेतं, सेटिंग बदलून फार तर २०००. शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्ट ३६५ मधली डेटा ठेवायची जागा) लिस्टवर सीझनची बेरीज लावली तर ती या ओळींचीच येते, वापरणाऱ्याला काही एरर दिसत नाही, फक्त बनवताना इशाऱ्याची खूण दिसते. कांद्याच्या आवकेत पावत्या ५०० च्या पुढे जायला कितीसा वेळ लागतो! त्यामुळे डेमोला बरोबर आणि महिन्याभराने चुकीचं. बेरजा करायच्या असतील तर एसक्यूएल सर्व्हरसारखा (डेटाबेस) सोर्स घ्या, पण त्याचं लायसन्स वेगळं लागतं, ते गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

अ‍ॅपशीट, जे गूगलने २०२० मध्ये घेतलं, त्यात डिझाइन करण्यासारखं फारसं नाही, शीटच्या कॉलमांवरून स्क्रीन बनतात. पण बागेत रेंज नसताना नोंद मोबाइलवर राहते आणि नेटवर्क आल्यावर सिंक होते, तेवढ्यासाठी ते वापरावं. दोघांनी एकच ओळ बदलली तर शेवटी सिंक झालेला जिंकतो, म्हणून प्रत्येक तोडणीला नवीन ओळ टाकायची, जुनी बदलायचीच नाही अशी रचना ठेवा.

मग घ्यायचं काय? काटा जोडलेला एकच कॉम्प्युटर, एकच ऑपरेटर आणि द्राक्षाचा सीझन तोंडावर आलाय तर विनफॉर्म्स, बिनधास्त. तेच सॉफ्टवेअर दहा पॅकहाऊसना विकायचंय, प्रत्येकाला वेगळा स्क्रीन हवाय तर डब्ल्यूपीएफ शिका, पण सीझन संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये, जानेवारीत नाही. मालकाकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीपासून आहे आणि त्याच्याच ऑफिसातला कुणीतरी पुढे बदल करणार आहे तर पॉवर अ‍ॅप्स. बागेतून नोंद आणि पॅकहाऊसमध्ये वजन असं दोन्ही हवं असेल तर एकाच टूलचा हट्ट धरू नका, बागेतलं अ‍ॅपशीटमध्ये करा, वजनाचं डेस्कटॉपवर, आणि दोन्हीकडे लॉट नंबर एकच ठेवा. काहीही घेतलंत तरी गिऱ्हाईकाला दाखवायच्या आधी शेवटच्या खान्यात १२.५ टाइप करा, टॅब न दाबता सेव्ह करा, आणि अ‍ॅप बंद करून परत उघडून तो आकडा बघा.