बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

एक्झॉस्ट फॅन बंद पडला की ‘नवाच बसवा’ असा सल्ला लगेच मिळतो. पण त्याआधी आपला पंखा कुठल्या जातीचा आहे आणि त्याला नेमकं काय झालंय, हे घरच्या घरी कळू शकतं. आपल्याकडे बाथरूममध्ये मुख्यतः दोन प्रकार दिसतात: ६ इंची प्लॅस्टिकचा, आणि जुन्या घरांतला ९ किंवा १२ इंची लोखंडी.

हात लावण्याआधी एमसीबी खाली पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवर असतं आणि ते बंद असूनही पंख्यात करंट राहतो. फरशी, स्टूल, हात, सगळं कोरडं हवं.

आता पातं बोटाने फिरवा. जड लागलं, तर साबणाच्या वाफेवर बसलेली धूळ आणि आटलेलं तेल हे कारण. दोन्ही पंख्यांत आधी सफाई, मग दांड्याच्या मुळाशी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. खोबरेल घालू नका. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं; पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी पंखा अडेल. दांडा बाजूला डुगडुगत असेल तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलाय. लोखंडी पंख्यात बुश किंवा बेअरिंग बदलून मिळतं. प्लॅस्टिकच्या पंख्यात तेलाने आवाज दबतो, पण फार दिवस नाही.

पातं हलकं फिरतंय, पण चालू केल्यावर पंखा नुसता गुणगुणतो आणि कोरड्या लाकडी काठीने ढकलल्यावर फिरू लागतो? बहुधा कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर, गेला. लोखंडी पंख्यासाठी ही चांगली बातमी आहे, कारण हा सगळ्यात स्वस्त इलाज. कंडेन्सरवर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा. मोठा लावला की पंखा जोरात फिरतो असं काही जण सांगतात. प्रत्यक्षात वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापतं. छोट्या प्लॅस्टिकच्या बऱ्याच पंख्यांत कंडेन्सर नसतोच, तेव्हा तो आहे का, हे आधी पाहा.

काहीच आवाज नसेल तर टेस्टरवर विसंबू नका. न्यूट्रल तुटली असली तरी टेस्टर पेटतो. वायरमनला त्याच वायरींवर होल्डरचा बल्ब लावून बघायला सांगा. बल्ब लागला नाही, तर पंख्याचा काही दोष नाही. बल्ब लागला, तर मोटर गेली. इथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. लोखंडी पंख्याची मोटर उघडते, रिवाइंडिंग होतं, म्हणजे तार नव्याने गुंडाळता येते, आणि बॉडी गंजलेली नसेल तर ते करावंच असं माझं मत आहे. प्लॅस्टिकच्या पंख्याची मोटर सहसा रिवेटने बंद केलेली असते. तिच्यावर खर्च करू नये. जळका वास आला असेल तर तो पंखा ‘अजून चालतोय’ म्हणून चालवू नका.

एक तक्रार मात्र नवा पंखा घेऊनही सुटत नाही: पंखा फिरतो, पण दमट वास जात नाही. जाळीवर टिश्यू पेपर धरा. तो चिकटला नाही, तर बाहेरची झडप उघडतेय का ते बघा. मग दार थोडं उघडून पुन्हा धरा. आता चिकटला, तर दाराखाली फटच नाही. आत हवा येत नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार? पंख्याशेजारची खिडकीही बंद ठेवा, नाहीतर तो खिडकीचीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि शॉवरची वाफ कोपऱ्यात तशीच राहते.

नवाच घ्यायचा ठरला, तर खोक्यावरचा ताशी घनमीटरचा आकडा वाचा. ८ बाय ५ फुटांच्या, ९ फूट उंच बाथरूममध्ये सुमारे १० घनमीटर हवा असते. ती तासात १० ते १५ वेळा बदलायची तर १०० ते १५० पुरतात. आणि दुकानात जाण्याआधी भिंतीतलं भोक मोजून घ्या. ६ इंच हे पात्यांचं माप असतं, भोक त्याहून मोठं लागतं.