आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम : गुण चांगला, पत्रक तोकडे

दाढदुखीला या गोळीने तासाभरात उतार पडला, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र हृदयासाठी रोज अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने ही गोळी आधी घेतली, तर रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देण्याचे अ‍ॅस्पिरिनचे काम अडू शकते, ही बाब सोबतच्या पत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत, तीही नेमकी घडीवर छापली आहे. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या वॉरफरिन या औषधासोबत ही गोळी घेतल्यास रक्तस्रावाचा, तर रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारे औषध यांच्या जोडीने मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रौढांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे तीनच गोळ्या, एवढे तरी ठळक आहे. उपाशीपोटी घेतल्यावर मला जळजळ झाली. तो दोष निम्मा माझाच.