जॅम्युलसचे आठ महिने: मालवणची पेटी, रत्नागिरीचा तबला

मालवणात माझी पेटी आणि रत्नागिरीत मित्राचा तबला, अशी अभंगांची तालीम आम्ही गेले आठ महिने जॅम्युलस या इंटरनेटवरून एकत्र वाजवण्याच्या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर करत आहोत. आधी व्हिडिओ कॉलवर प्रयत्न केला होता; पण तेथे आवाज उशिरा पोहोचतोच, शिवाय पेटीचा लांबवलेला सूर गोंगाट समजून दाबला जातो.

अधिक वेगाचे कनेक्शन घेतले की उशीर मिटेल, हा माझा समज चुकीचा ठरला. ब्लूटूथ हेडफोनमध्येच शंभराहून अधिक मिलिसेकंद जात होते. वायरचा हेडफोन, राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल आणि ऑडिओ इंटरफेसचा (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिराने आत-बाहेर नेणारे सॉफ्टवेअर, एवढे केल्यावर खरा फरक पडला. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 128 सॅम्पलवर ठेवला आहे, म्हणजे 48 किलोहर्ट्झला सुमारे 2.7 मिलिसेकंद, 64 वर माझ्या जुन्या लॅपटॉपवर आवाज फुटतो. दोघांचे आवाज एकत्र करून परत पाठवणारा सर्व्हर आधी परदेशातला होता; तो सोडून मुंबईतला भाड्याने घेतल्यापासून एकूण विलंब चाळीस मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. हवेतून आवाजाला तेवढ्या वेळात जवळजवळ चौदा मीटर जाता येते. देवळाच्या मोठ्या सभामंडपात दोन टोकांना बसून वाजवावे, तसे ते वाटते.

सर्वांत जास्त कस लागला तो लयीचा. मी तबल्याची वाट पाहायचो, तो पेटीची, आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ठेका पार रेंगाळायचा. यावर उपाय असा की स्वतःचे वादनही सर्व्हरवरून परत येणारेच ऐकावे. इलेक्ट्रिक गिटारवाल्याला ते सोपे आहे. पेटी मात्र पुढ्यातच वाजते. म्हणून मी कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतला आणि माईक पेटीच्या अगदी जवळ आणला. पट्टी दाबल्यावर सूर किंचित मागाहून येतो, आणि बोटांना ते अंगवळणी पडायला दोन महिने लागले. आता तबल्याने कोणासाठीही थांबायचे नाही असे ठरले आहे आणि मध्य लयीतला भजनी ठेका शेवटपर्यंत टिकतो.

पावसाळ्यात लाइट गेली की राउटरही जायचा. तो इन्व्हर्टरवर घेतल्यापासून तालीम मोडत नाही.

द्रुत लय मात्र साधलेली नाही. मिनिटाला 240 मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची, आणि चाळीस मिलिसेकंद म्हणजे तिचा जवळजवळ सहावा भाग. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा, एकत्र समेवर येतच नाही. तेवढ्यासाठी महिन्यातून एकदा मी एसटीने रत्नागिरीला जातो.