कमरेला आठ महिने: .32 पिस्तूल आणि तीन होल्स्टर

पाडव्याच्या आधी आठवडाभर पिस्तूल हातात आलं आणि आता मार्गशीर्ष लागलाय. मधे कडक उन्हाळा गेला, आपला पंचगंगेकाठचा पावसाळा गेला, दसरा-दिवाळी झाली. हुपरीची चांदी घेऊन कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ये-जा करणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळं परवाना निघाल्यापासून ओळखीचे लोक थांबवून विचारतात, "पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्व्हर?" होल्स्टरबद्दल, म्हणजे पिस्तूल कमरेला अडकवायच्या म्यानाबद्दल, आजवर एकानंही विचारलेलं नाही. माझा सगळा त्रास आणि एका संध्याकाळची खरी भीती मात्र होल्स्टरपायीच झाली, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा, विषय संपवतो. 9 एमएम आपल्याकडं निषिद्ध बोअर आहे, सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. व्हिडिओत दिसणारी परदेशी मॉडेल बघून स्वप्नं रंगवण्यात अर्थ नाही. आपल्यासमोर मुख्यतः .32 राहतं. त्यातही पिस्तुलाचं .32 आणि रिव्हॉल्व्हरचं .32 ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं 7.65×17 मिमी, जॉन ब्राउनिंगनं 1899 च्या सुमारास काढलेलं, आखूड. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं, त्या काडतुसाचं पितळी कवचच 23 मिमीचं. एकातलं दुसऱ्यात चालत नाही, म्हणून दुकानात नुसतं "बत्तीस द्या" म्हणून भागत नाही. परवान्यावर काय लिहिलंय ते दाखवूनच बोलायचं.

मी तीन पर्याय हातात घेऊन बघितले. एक जुनं वॉल्थर, जर्मन कंपनीचं, .32 मधलंच. काय घडणावळ आहे! स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागं ओढताना लोण्यातून सुरी फिरल्यासारखं वाटलं. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी आयात बंद आहे, त्यामुळं देशात आहेत तीच हातोहात फिरतात आणि किंमत कित्येक लाखांत जाते. शिवाय सुट्या भागांचं काय? स्प्रिंग मोडली तर कुठं जायचं? ते मी सोडून दिलं. दुसरा पर्याय हलक्या रिव्हॉल्व्हरचा. ऑर्डनन्स फॅक्टरीचं निर्भीक 2014 साली आलं, वजन साधारण 500 ग्रॅम. कमरेला वजन जाणवणार नाही इतकं हलकं. तिसरा पर्याय भारतीय बनावटीचं .32 सेमी-ऑटोमॅटिक, आणि मी तेच घेतलं.

कारण एकच, चपटेपणा. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर कमरेवर लिंबाएवढा फुगवटा करतो. सदऱ्याखाली तो लपत नाही, गादीवर बसलं की कुशीत रुततो. पिस्तूल वजनाला जास्त असलं तरी अंगासरशी बसतं. पेढीवरच्या काट्यावर मी ते मोकळं घालून बघितलं होतं, पाऊण किलोच्या आत भरलं. एक काडतूस पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मॅगझीन (काडतुसांची पेटी) भरल्यावर साधारण एक छटाक वाढते, ओझं खरं लोखंडाचंच.

तरी रिव्हॉल्व्हरला नावं ठेवणार नाही. ज्याला सराव करायला वेळ नाही किंवा मन नाही, त्यानं रिव्हॉल्व्हरच घ्यावं. त्यात मॅगझीन अडकणं नाही, स्लाइड अर्धवट बसणं नाही. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ट्रिगर दाबला की पुढचं समोर येतं. पिस्तुलात तसं झालं तर स्लाइड ओढून ते काडतूस बाहेर टाकावं लागतं, आणि घाबरलेल्या हातांना ते आपोआप जमत नाही. मी रोज रात्री दहा मिनिटं डमी काडतुसावर सराव करतो. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. हा सराव आठ महिन्यांत चार-पाच वेळाच चुकलाय.

आता होल्स्टर.

पहिलं घेतलं ते नायलॉनचं, मऊ, "सगळ्या पिस्तुलांना बसतं" असं सांगून विकलेलं. वर अंगठ्यानं उघडायचा पट्टा. पहिले पंधरा दिवस बरं वाटलं. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी घरी पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालत होतो. तोंड मऊ पडून आत दबलं होतं आणि पट्ट्याचं टोक कधी ट्रिगरगार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, शिरलं ते कळलं नाही. पिस्तूल खाली जाताना हाताला किंचित अडथळा लागला. मी तिथंच थांबलो, बाहेर काढलं, बघितलं तर पट्टा ट्रिगरवर ताणलेला. चेंबर, म्हणजे नळीमागची काडतूस बसायची जागा, रिकामं होतं म्हणून काही झालं नाही. भरलेलं असतं तर गोळी माझ्या मांडीतून गेली असती आणि पलीकडच्या खोलीत मुलगी अभ्यासाला बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी कात्रीनं त्या होल्स्टरचे तुकडे केले, कुणी उचलून वापरू नये म्हणून.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. ट्रिगरगार्ड पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर. पिस्तूल बाहेर काढल्यावरही ज्याचं तोंड उघडं राहतं तेच. आणि परत घालताना डोळ्यांनी बघून, सदरा बाजूला धरून, सावकाश. बाहेर काढायला घाई लागू शकते, आत घालायला कधीच लागत नाही. चेंबरही मी रिकामंच ठेवतो. वेळेला दोन्ही हात लागतील हे मला मान्य आहे. माझं पिस्तूल सिंगल अॅक्शन आहे, म्हणजे स्लाइड ओढली की घोडा ताणलेलाच राहतो, ट्रिगरचा ओढा हलका आहे, आणि माझा सगळा दिवस गर्दीत जातो. हा माझा हिशेब आहे.

दुसरं होल्स्टर कायडेक्सचं, म्हणजे तापवून साच्यावर दाबलेल्या कडक प्लास्टिकचं. दुसऱ्या शहरातल्या एकाकडून मापं कळवून करवून घेतलं. सुरक्षिततेत ते अव्वल. पिस्तूल आत गेलं की "टक" आवाज येतो आणि उलटं धरून हलवलं तरी पडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं सरकत होती तेव्हा मी भिजत ये-जा केली, कायडेक्सला काही झालं नाही. फडक्यानं पुसलं की झालं. पण आमची बैठक गादीची. दिवसाचे सहा तास मांडी घालून बसायचं म्हटल्यावर त्याची कड कमरेच्या हाडावर घासायला लागली. मे महिन्यात तिथं घामोळं आलं, कातडी सोलली. खुर्चीवर बसणाऱ्याला मी हेच घ्या म्हणेन. पुढं पोटाजवळ अडकवून बघितलं तर मांडी घातल्यावर नळी जांघेकडं रोखलेली, ते मनाला पटलंच नाही. घोट्याच्या होल्स्टरचा तर मांडी घालणाऱ्यानं विचारच करू नये.

म्हणून तिसरं, चामड्याचं. आणि ते इथंच, चप्पल लाइनीतल्या एका जुन्या कारागिराकडून. मी त्यांना मामा म्हणतो.

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते ओलं करून साच्यावर दाबलं की वाळल्यावर तोच आकार धरून बसतं. क्रोमनं कमावलेलं मऊ कातडं असा आकार धरत नाही. पायाखाली वर्षानुवर्षं टिकणारं कातडं कमरेला का टिकणार नाही, असा माझा विचार. मामांना कल्पना एकदम पटली. अडचण एकच, साच्यासाठी पिस्तूल त्यांच्याकडं सोडणं शक्य नव्हतं. परवान्याचं शस्त्र दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं नसतं. मग मी व्हर्नियरनं मापं घेऊन सुताराकडून सागवानी पिस्तूल करवून घेतलं, ट्रिगरगार्डसकट. मामांनी म्हशीचं तीन मिलिमीटरचं कातडं भिजवून त्यावर बसवलं, हाडाच्या पट्टीनं कडा दाबल्या, दोन दिवस सावलीत वाळवलं. तोंडाला कातड्याची दुसरी पट्टी शिवून ते कडक केलं, वरून मेण. पट्टा अजिबात नाही, नुसत्या आकाराच्या पकडीवर पिस्तूल बसतं. सोबत दीड इंची दुपदरी कंबरपट्टाही घेतला. बाजारी मऊ पट्ट्यावर कुठलंही होल्स्टर लोंबकळतं, हे आधी कळलं असतं तर दोन महिने वाचले असते.

उजव्या कमरेच्या जरा मागं, पँटच्या आत, वर मोकळा सदरा. मांडी घालून बसलो तरी टोचत नाही. मोटारीत सीटबेल्ट लावताना तेवढं आडवं येतं.

चामड्याचे दोष आहेत. घाम पितं. पावसाळ्यात मी ते बाजूला ठेवून कायडेक्सच वापरलं. आणि चामड्यात पिस्तूल रात्रभर ठेवायचं नाही, ओल धरून गंज चढतो. माझ्या स्लाइडवर जूनमध्ये तांबूस ठिपके दिसले ते एका रात्रीच्या आळसाचे. आता घरी आलं की मोकळं करायचं, तेलाचा बोळा फिरवायचा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पोलादी तिजोरीत.

काही गोष्टी होल्स्टरपलीकडच्या. आर्म्स रूल्स 2016 प्रमाणं सार्वजनिक जागी हत्यार पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असायला हवं. सदरा वर करून मूठ दाखवत फिरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लग्नाच्या वरातीत पाहुण्यांनी "उडवा की एक हवेत" म्हटलं तेव्हा मी सरळ निघून आलो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात उतरतेच. शुक्रवारी अंबाबाईला जातो त्या दिवशी पिस्तूल घरीच राहतं. गाडीच्या डिकीत ठेवून दर्शनाला जाणारे मी बघितलेत. डिकी म्हणजे तिजोरी नव्हे. आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा केलं तेव्हा पावतीवर क्रमांक स्वतः वाचून घेतला, परत मिळाल्यावर आधी नळी तपासली.

सगळ्यात चांगला शिक्षक मात्र घरातच निघाला. मुलगी दुधाळीच्या रेंजवर एअर पिस्तूल शिकते. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांची नावं तिथल्या पोरींच्या तोंडी रोज असतात. खंडेनवमीला पूजेसाठी मी पिस्तूल मोकळं करून पाटावर ठेवलं, तर ती म्हणाली, "पप्पा, नळी माणसांकडं आहे, भिंतीकडं करा." मी करून दिली. मग तिनंच मला चेंबर पुन्हा उघडून दाखवायला लावलं.

चामड्याच्या होल्स्टरचं तोंड अजून कडक आहे, टाके शाबूत आहेत, फक्त आतल्या बाजूला घामानं काळपट रंग चढलाय. जोड असावा म्हणून दुसरं शिवायला टाकलंय. सागवानी साचा मामांकडंच आहे, पुढच्या आठवड्यात तयार होईल म्हणालेत.