थँक-यू पेजचा टॅग की डिलिव्हरीनंतरची शीट?

निपाणी-अथणीहून कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकणाऱ्यांना (2019 च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे) गूगलवर जाहिरात कशी लावायची हे सांगायला नको. अडतं ते पुढे. जाहिरातीवरच्या क्लिकची विक्री झाली हे थँक-यू पेजवरच्या (ऑर्डरनंतर उघडणारं आभाराचं पान) टॅगने, म्हणजे गूगलला नोंद पाठवणाऱ्या छोट्या कोडने मोजायचं, की माल पोचल्यावर जीसीएलआयडीची (गूगल प्रत्येक क्लिकला देतं ती ओळखखूण) शीट गूगलच्या जाहिरात खात्यात चढवून? दोन्ही वापरल्यावर माझा कल शीटकडे आहे. सगळ्यांना तेच सोयीचं पडेल असं मात्र नाही.

आगाऊ पैसे घेऊन कुंदा किंवा करदंटसारखी मिठाई विकत असाल, तर टॅग बहुधा पुरेल. ऑर्डर पडली की आकडा लवकर दिसतो. टॅगमधून ऑर्डर क्रमांक ट्रान्झॅक्शन आयडी म्हणून पाठवा, नाहीतर पेज रिफ्रेश झालं की एका ऑर्डरच्या दोन विक्री दिसतात. दुसरी गळती यूपीआयची. गिऱ्हाईक पैसे भरायला दुसऱ्या ॲपमध्ये जातं, हिरवी टिक दिसली की तिथूनच निघून जातं. ब्राउझरमध्ये परतलं नाही तर थँक-यू पेज उघडत नाही आणि टॅग चालत नाही. पेमेंट गेटवेच्या वेबहुकवरून (पैसे जमा झाल्याचा गेटवेने आपोआप धाडलेला निरोप) तुमच्या सर्व्हरनेच नोंद पाठवली की हे थांबतं.

मला खरं खुपलं ते कॅश ऑन डिलिव्हरी. टॅग ऑर्डर मोजतो, विक्री नव्हे. चपलेचं माप बसत नाही, दारात कुणी नसतं, पार्सल साताऱ्याहून परत येतं. टॅगच्या लेखी ती विक्रीच. नुसता अहवाल फुगला असता तर चालवून घेतलं असतं. पण गूगलचं स्मार्ट बिडिंग (जाहिरातीची बोली आपोआप ठरवणारी यंत्रणा) याच आकड्यांवरून शिकतं. ज्या भागातून ऑर्डर भरपूर आणि परत येणारा मालही भरपूर, तिथेच ते बोली वाढवत राहतं. मोजलेली विक्री ऑर्डर क्रमांकावरून मागे घेता येते हे खरं. पण त्यासाठीही शीट करायचीच, तर पोचलेल्या मालाचीच का करू नये?

कामाची रीत अशी. खात्यात ऑटो-टॅगिंग (क्लिकच्या पत्त्याला जीसीएलआयडी जोडणारी सोय) चालू ठेवा. लँडिंग पेजच्या (क्लिकनंतर उघडणारं पान) पत्त्यातला जीसीएलआयडी कुकीत (ब्राउझरमध्ये साठणारी छोटी नोंद) ठेवून ऑर्डरसोबत साठवा. सफारी ब्राउझरमध्ये पेजवरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी फार तर 7 दिवस टिकते, तेवढी तूट धरून चाला. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेत असाल तर बटणातून उघडणाऱ्या मेसेजमध्ये एक छोटा कोड आधीच भरून ठेवा आणि त्या कोडसमोर जीसीएलआयडी नोंदवा. एरवी क्लिकचा माग तिथेच तुटतो.

शीटमध्ये जीसीएलआयडी, कन्व्हर्जनचं (खात्यात मोजायची ठरवलेली कृती, इथे विक्री) नाव, वेळ, रक्कम, चलन हे रकाने लागतात. नाव खात्यातल्यासारखंच हवं, एक स्पेस जास्त झाली तरी ओळ नाकारली जाते. वेळेनंतर +0530 (भारतीय वेळेची खूण) लिहा. जीसीएलआयडीत लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून हाताने टाइप करू नका. डेटाबेसचा रकाना अपुरा असेल तर शेपूट कापलं जातं आणि ती ओळही वाया जाते. क्लिकला 90 दिवस उलटले की नोंद घेतली जात नाही.

शीटचा तोटा म्हणजे उशीर. कुरिअर आठवडा लावतं, तोवर गूगलला काही कळत नाही. म्हणून टॅग काढू नका. त्याला सेकंडरी (नुसतं पाहण्यापुरतं) ठेवा आणि शीटला प्रायमरी (बोली ज्यावरून ठरते ते). दोन्ही प्रायमरी राहिले तर एकच विक्री दोनदा मोजली जाते.

मेटावर (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींत) मात्र माझा कल चालत नाही. कन्व्हर्जन्स एपीआय (सर्व्हरवरून मेटाला नोंद पाठवायची सोय) वेबसाइटवरची 7 दिवसांपेक्षा जुनी घटना स्वीकारत नाही, त्यामुळे ऑर्डरची नोंद डिलिव्हरीपर्यंत थांबवून चालत नाही. तिथे ऑर्डर पडतानाच पिक्सेल (मेटाचा टॅग) आणि सर्व्हर दोन्हीकडून एकाच इव्हेंट आयडीने नोंद पाठवावी, आणि परत आलेला माल आपल्या वहीत वजा करावा.