स्वीटसीआरएमच्या आवृत्त्या आणि पॅच सांभाळताना: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात सौर वॉटर हीटर बसवून देणे आणि त्यांची वार्षिक देखभाल करणे हा आमचा व्यवसाय आहे. ग्राहकांची माहिती, तक्रारी आणि देखभाल करारांच्या नूतनीकरणाच्या तारखा स्वीटसीआरएम या ग्राहक-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, आणि जानेवारी २०२४ पासून ही प्रणाली अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. तिच्यातील सोयींविषयी इतरांनी लिहिले आहे. मी येथे केवळ आवृत्त्या आणि पॅच (प्रणालीतील दोष दूर करणाऱ्या छोट्या दुरुस्त्या) यांविषयी लिहीत आहे, कारण या काळात सर्वाधिक वेळ त्यांनाच द्यावा लागला.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. स्वीटसीआरएम ही शुगरसीआरएमच्या मोफत कम्युनिटी आवृत्तीतून २०१३ मध्ये निघालेली ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली, शाखा असून तो वारसा तिच्या क्रमांकांतही दिसतो. ७ मालिकेतील 'अबाउट' पान उघडले, की स्वीटसीआरएमच्या स्वतःच्या क्रमांकाखाली 'शुगर व्हर्जन ६.५.२५' अशी दुसरी ओळ दिसते. पहिला क्रमांक प्रत्येक अपग्रेडबरोबर पुढे जातो, तर दुसरा मूळ पायाचा असल्यामुळे तिथेच राहतो. ही ओळ केवळ ऐतिहासिक नोंद आहे असे मी समजत होतो. तो समज चुकीचा निघाला, आणि त्याचे कारण पुढे सांगतो.

क्रमांकाचे तीन भाग असतात आणि कोणता भाग बदलला यावर आमची तयारी ठरते. शेवटचा आकडा बदलला असेल तर चुकांची आणि सुरक्षेची दुरुस्ती असते. मधला बदलला तर नव्या सोयी येतात आणि ही प्रणाली ज्या संगणकीय भाषेत लिहिली आहे त्या पीएचपीच्या कोणत्या आवृत्त्या चालतील हेही बहुधा बदलते. पहिला बदलला तर प्रणालीची रचनाच वेगळी असते. हे आकडे दशांश नाहीत, हे सहकाऱ्यांना समजावण्यात मात्र माझा बराच वेळ गेला. ७.९ नंतर ७.१० येते, म्हणजे ७.१० ही नवी आवृत्ती होय. आमच्या जुन्या एक्सेल नोंदवहीत तर ७.१० चे आपोआप ७.१ झाले होते, आणि ७.१ ही स्वतंत्र, कितीतरी जुनी आवृत्ती असल्यामुळे त्या काळातील नोंदींवर विसंबणे अशक्य झाले. आता तो रकाना मजकूर म्हणून ठेवतो आणि तिन्ही आकडे लिहितो.

मी काम हाती घेतले तेव्हा आम्ही ७.१२ वर आणि पीएचपी ७.४ वर होतो. पीएचपी ७.४ च्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या होत्या, त्यामुळे ७.१४ आणि पीएचपी ८.१ असा दुहेरी बदल अटळ होता. त्याला आम्हाला तीन आठवडे लागले आणि त्यांतील बहुतेक वेळ आमच्याच जुन्या कोडवर गेला. रिकाम्या मूल्यावर 'काउंट' ही मोजणीची आज्ञा वापरली, तर पीएचपी ७ केवळ इशारा देऊन पुढे जात असे. पीएचपी ८ मध्ये तेथेच काम थांबते. देखभाल करारांच्या पानासाठी आम्ही लिहिलेल्या तीन फाइलींत हा दोष होता आणि तो चाचणी सर्व्हरवरच सापडला.

त्या चाचणी सर्व्हरवर आमच्याकडून एक गंभीर चूक झाली. खऱ्या सर्व्हरची तंतोतंत नक्कल घेताना ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणारे क्रॉनही चालू राहिले आणि बाहेर जाणारे ईमेल बंद करण्याचे राहून गेले. परिणामी नूतनीकरणाचे स्मरणपत्र अनेक ग्राहकांना एकाच दिवशी दोनदा गेले. ज्यांनी आदल्या दिवशीच पैसे भरले होते, अशांचे फोन आले आणि आम्ही प्रत्येकाची क्षमा मागितली. तेव्हापासून नक्कल घेतल्यावर आधी ईमेलची जोडणी काढतो, मग क्रॉन थांबवतो आणि त्यानंतरच प्रणाली उघडतो.

आता 'अबाउट' पानावरील 'शुगर व्हर्जन'च्या त्या दुसऱ्या ओळीकडे येतो. मेसेज पाठवण्यासाठी आम्ही बाहेरून एक पूरक मॉड्यूल घेतले होते. मॉड्यूलच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये ते कोणत्या आवृत्त्यांवर बसवता येईल हे लिहिलेले असते, आणि आमच्या मॉड्यूलमध्ये ही तपासणी केवळ शुगरच्या क्रमांकाशी जोडलेली होती. तो क्रमांक बदलतच नसल्याने मॉड्यूल ७.१२ वर बसले तसे ७.१४ वरही कोणतीही तक्रार न करता बसले. तपासणीत उत्तीर्ण होणे म्हणजे सुसंगत असणे नव्हे, हे मला तक्रारींचे पान कोरे दिसू लागल्यावर कळले.

कारण शोधताना जे सापडले, ते मला या चौदा महिन्यांतील सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रणालीच्या मूळ फाइलीत थेट बदल केला तर पुढचे अपग्रेड तो पुसून टाकते, हे बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून बदल त्यांच्यासाठीच असलेल्या 'कस्टम' फोल्डरमध्ये ठेवतात. पण त्या मॉड्यूलने मूळ फाइलीची संपूर्ण प्रत 'कस्टम'मध्ये ठेवली होती, आणि तेथे प्रत असली की प्रणाली मूळ फाइलीऐवजी तीच वापरते. म्हणजे अपग्रेडने मूळ फाइल दुरुस्त केली, 'अबाउट' पानावर नवा क्रमांक आला, आणि प्रत्यक्षात चालत राहिली ती जुनीच प्रत. या वेळी फक्त एक पान कोरे दिसले; त्याच प्रतीत सुरक्षेचा दोष असता, तर पॅच लावल्याच्या समाधानात आम्ही निर्धास्त राहिलो असतो.

ही भीती काल्पनिक नाही. जून २०२४ मध्ये ७.१४.४ आणि ८.६.१ या आवृत्त्यांनी एक अत्यंत गंभीर दोष दूर केला, ज्यात लॉगइन न करताही बाहेरच्या व्यक्तीला डेटाबेसपर्यंत पोहोचणे शक्य होते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: ७.१४.४ त्या दोषापासून सुरक्षित, आणि आकड्याने मोठी असलेली ८.६.० मात्र असुरक्षित. ७ आणि ८ या दोन मालिका समांतर चालू असताना मोठा आकडा पाहून निश्चिंत होणे धोक्याचे आहे. आपल्या मालिकेतील शेवटचा आकडा कोणता, हेच पाहावे लागते. आम्ही ७.१४.४ एका दिवसाच्या चाचणीनंतर लावली. त्यापूर्वी 'कस्टम' फोल्डरमधील प्रत्येक फाइल मूळ फाइलीशी ताडून पाहिली.

रोजच्या कामाबद्दल थोडक्यात. अपग्रेड विझार्डला, म्हणजे प्रणालीतच असलेल्या टप्प्याटप्प्याने अपग्रेड करणाऱ्या पानाला, झिप फाइल दिली की पुढचे काम सरळ असते, मात्र पीएचपीची अपलोड मर्यादा आणि फाइलींचे हक्क आधी तपासावेत. 'क्विक रिपेअर अँड रिबिल्ड' चालवल्यावर डेटाबेसमध्ये करायचे बदल एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील आज्ञांच्या रूपात दिसतात. ते वाचल्याशिवाय मी कधीही चालवत नाही, आणि त्यात रकाना काढून टाकणारी ओळ दिसली तर काम थांबवतो. 'कस्टम' फोल्डर आता गिट या फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात असून आमच्या बदलांनाही स्वतंत्र आवृत्तीक्रमांक दिला आहे. नोंदवहीत दोन्ही क्रमांक शेजारी लिहितो, कारण सर्व्हरवर काय चालू आहे हे त्यांतील एकट्याने कळत नाही.

शेवटचा आकडा बदलणारा सुरक्षा-पॅच आम्ही तीन दिवसांच्या आत लावतो. मधला आकडा बदलणारे अपग्रेड वर्षातून दोनदा, शनिवारी दुपारनंतर करतो, आणि मार्च महिन्यात ते कधीच घेत नाही. ८ मालिका वेगळ्या सर्व्हरवर चालवून पाहिली आहे. तिच्यात वापरणाऱ्याला दिसणारी समोरची बाजू अँग्युलरमध्ये आणि सर्व्हरवरची मागची बाजू सिंफनीवर आहे (दोन्ही प्रोग्रॅम बांधण्याचे तयार सांगाडे), तर जुना भाग 'लेगसी' या फोल्डरमध्ये तसाच नांदतो. अपग्रेड कमांड लाइनवरून दोन टप्प्यांत होते आणि ही पद्धत मला विझार्डपेक्षा अधिक भरवशाची वाटली. तरीही आम्ही अजून तिकडे गेलेलो नाही, कारण त्या मेसेज मॉड्यूलने ठेवलेल्या चार प्रतींपैकी एक अजून काढायची आहे, आणि ती निघाल्याशिवाय पहिला आकडा बदलायचा नाही असे आम्ही ठरवले आहे.